आठ महिन्यांची खोली

आत्याबाईंना या सगळ्यातून काय मिळणार होते, ते आधीच सांगून टाकलेले बरे. त्यांना मिळणार होती एक खोली. नवी नव्हे, ज्या खोलीत त्या सहा वर्षे राहत होत्या, तीच. एक पलंग, एक कपाट, सकाळचे ऊन आत घेणारी खिडकी, आणि घरातल्या बोळाकडच्या भिंतीत वीतभर झरोका. ही खोली पूर्वी कोठीची असावी; झरोक्यातून ताटल्या आतबाहेर होत असाव्यात. आत्याबाईंना तो झरोका फार आवडे. तीस वर्षे त्या सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसल्या होत्या आणि जगाकडे तेवढ्याच आकाराच्या भोकातून बघायची त्यांना सवय होती.

आणि खोली गेली तर काय मिळणार होते, तेही सांगितले पाहिजे. भाच्याच्या थोरल्या बहिणीच्या दिवाणखान्यातला सोफा. हा सोफा रात्री उघडला की पलंग होई आणि सकाळी मिटताना आत्याबाईंची निदान एखादी वस्तू गिळून टाकी. एकदा चष्मा गिळला होता. तेव्हा खोली राखण्यासाठी त्या कुठवर जातील, याची कल्पना यावी.

भाच्याचे टोपणनाव बारक्या. लहानपणी पडलेले नाव. आता वजन नव्वद किलोच्या घरात आणि पोट दारातून आधी आत येणारे, पण नाव काही वाढले नाही. बारक्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको, म्हणजे आत्याबाईंची भाचेसून, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि घरी येऊन नवऱ्यावर स्वतःचे दातओठ खायचे, असा तिचा दिनक्रम.

घर कर्जाचे होते. आठ लाख उरले होते आणि हप्ते भरत बसले तर अजून चार वर्षे जाणार होती. एका रविवारी बारक्याने बैठक बोलावली. भिंतीवर एक भलामोठा कागद चिकटवला होता. त्यावर आठ मजल्यांची इमारत काढलेली, एक मजला म्हणजे एक लाख. वर खिळ्याला छोटीशी कप्पी, कप्पीवरून दोरा, आणि दोऱ्याला लटकवलेली काडेपेटी.

"ही लिफ्ट," बारक्या म्हणाला. "आत्ता आठव्या मजल्यावर आहे. जसे पैसे भरू तशी खाली येईल. तळमजल्यावर टेकली की घर आपलं."

"आणि मध्येच अडकली तर?" भाचेसुनेने विचारले.

"मी बसवलेली लिफ्ट अडकत नाही."

"मागच्या महिन्यात दवाखान्यातली अडकली ती?"

"ती मी दुरुस्त केलेली. बसवलेली नव्हे."

मग खर्चाच्या एकेका बाबीची उलटतपासणी झाली. वर्तमानपत्र बंद, शेजाऱ्यांचे कालचे मागून वाचायचे, बातम्या तशाही शिळ्याच असतात. टूथपेस्टची नळी संपली असे कोणी जाहीर करायचे नाही. ती आधी कात्रीने उभी कापायची. केस घरीच कापायचे. ज्या खोलीत माणूस नाही तिथे दिवा नाही, आणि ज्या खोलीत माणूस नुसते बसलेले आहे तिथेही नाही.

आत्याबाईंनी हात वर केला. "सूनबाई, माझी कवळी सैल झालीये. स म्हटलं की शीळ वाजते."

हे खोटे नव्हते. त्यांनी 'सूनबाई' म्हटले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा कान टवकारायचा.

"पण खाता येतं ना?" बारक्याने विचारले.

"येतं."

"म्हणजे चालतेय. कर्ज फिटलं की नवीन."

पेन्शनमधून महिना हजार बाजूला टाकून आपली आपण कवळी करून घ्यायची, असे आत्याबाईंनी मनाशी ठरवले.

शेवटी बारक्याने नवराबायकोच्या वतीने शपथ घेतली, की आजपासून या घरात एकही पैसा कोणी कोणापासून लपवून बाजूला ठेवणार नाही, सगळा लिफ्टला. भाचेसुनेने मान डोलावली. ती मान इतकी पटकन डोलली की आत्याबाईंनी तेव्हाच ओळखले.

या काटकसरीने चार वर्षांची दोन वर्षे आठ महिने होत होती. बारक्याने पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली, आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "तसं मागची खोली भाड्याने गेली तर आणखी आठ महिने कमी होतील. बरोब्बर दोन वर्षांत खाली. मी नुसतं म्हणतोय हं. आत्याला ताईकडे तसंही करमतंच."

आत्याबाईंना आपली किंमत कळली. आठ महिने.

पुढच्या गुरुवारी झरोक्यातून एक हात आत आला. आत्याबाईंना चेहरा बघायची गरज नव्हती. तीस वर्षे त्यांनी माणसे हातांवरूनच ओळखली होती. बोटांच्या पेरांत पांढरे प्लास्टर, नखे बारीक कापलेली. हातात कवळी ठेवायची प्लास्टिकची डबी.

"आत्या, हे जरा तुमच्याकडे ठेवा. यांना कळू देऊ नका. तीन हजार आहेत. दर महिन्याला देईन."

"कशासाठी गं?"

हात थोडा वेळ झरोक्यातच राहिला. "समुद्रावर जायचंय. आठवडाभर. हॉटेलात. सकाळी कुणीतरी दार वाजवून चहा आणून देतं ना, तसल्या हॉटेलात. आणि तो चहा पुन्हा उकळलेला नको."

शनिवारी भाचेसून बाजारात गेल्यावर दुसरा हात आला. हा झरोक्यात मनगटापर्यंतच मावत होता. नखांत ग्रीस, आणि मुठीत एक जुना कामाचा हातमोजा, त्यात गुंडाळलेल्या नोटा.

"आत्या, ओव्हरटाइमचे आहेत. चार हजार. हिला सांगू नकोस."

"तू तर शपथ घेतलीस ना रे?"

"घेतली. पण ऐक तरी. एक आरामखुर्ची बघितलीये. बटण दाबलं की पाय वर, पाठ खाली, पुन्हा दाबलं की सरळ. मी दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली करत असतो गं. कधीतरी मलाही कोणी करावं."

आत्याबाईंनी मोजा कपाटात डबीशेजारी ठेवला. दोघांचे पैसे शेजारी शेजारी बसले, एकमेकांशी न बोलता. अगदी त्यांच्या मालकांसारखे.

तसे दिवस बरे जात होते, पण महिना संपता संपता खोली बघायला भाडेकरू आला. बँकेतला कारकून, सडपातळ, भांग पाडलेला. तो इतका सज्जन होता की आत्याबाईंना नाव ठेवायला जागाच मिळेना. स्वयंपाक करत नाही, पाहुणे येत नाहीत, गाणी ऐकत नाही, शिंकला तरी माफी मागतो. आठ हजार द्यायला तयार, तेही महिन्याच्या पहिल्या तारखेला.

तो आला तेव्हा खोलीच्या दारावर एक लाल पाटी लटकत होती. थिएटर बंद पडले तेव्हा मालकाने सगळ्यांना थोडे थोडे पैसे दिले होते आणि आत्याबाईंनी ही पाटीही मागून घेतली होती. पाटीवर लिहिले होते, हाऊसफुल्ल.

"आत्या, ती पाटी काढ," बारक्या दबक्या आवाजात म्हणाला.

"खेळ सुरू आहे तोवर पाटी निघत नाही."

"कसला खेळ? आत्या, उगाच तमाशा करू नकोस."

कारकुनाने पाटीकडे बघितले, आत्याबाईंकडे बघितले आणि म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या, आणि बारक्याकडे वळल्या. "हे किती देणार? आठ? मग मीच देते आठ."

बारक्याचा चेहरा पडला. कोणाचाही पडला असता. "तू भाडं देणार? मला? या खोलीत राहायचं?"

"तुला कुठे? तुझ्या काडेपेटीला. पावती मात्र लागेल."

"पण आणणार कुठून? तुझी पेन्शन ती केवढी!"

"थिएटरच्या मालकाकडे माझी बाकी आहे. हप्त्याहप्त्याने देणार आहे." हे धडधडीत खोटे होते. मालक कधीच दुसऱ्या गावी मुलाकडे निघून गेला होता. पण तिकीट खिडकीवर 'बाल्कनीची दोनच उरलीत' हे वाक्य तीस वर्षे ज्या निर्विकार चेहऱ्याने म्हटले, त्याच चेहऱ्याने त्यांनी हेही म्हटले. बारक्याला शरमही वाटत होती आणि आठ महिनेही दिसत होते. शेवटी आठ महिने जिंकले. कारकून माफी मागून निघून गेला.

दार लावून आत्याबाईंनी कपाट उघडले. मोज्यात चार, डबीत तीन. दोन्ही नोटांचे गठ्ठे आळसावून पडलेले, आणि तिकडे बँकेत व्याज चढतेय. आत्याबाईंना हा प्रकार बघवेना. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असताना बाहेर लोकांना परत पाठवावे, तसला हा नालायकपणा. सात झाले. आठवा हजार त्यांनी कवळीच्या पैशांतून काढला, आणि पहिले भाडे लिफ्टला दिले.

आता हे बरोबर की चूक, यावर दोन मते होऊ शकतात. आत्याबाईंचे मत एकच होते. पैसे राखायला दिले होते. घरात भिंतीइतकी राखायची जागा दुसरी कोणती?

दोन वर्षे घर असे चालले. भाचेसुनेने बारक्याचे केस कापले, ते पहिल्यांदा असे कापले की कामावर साहेबाने विचारले, लिफ्टच्या दारात सापडलास काय? बारक्या दिवे मालवत घरभर फिरायचा आणि अंधारात स्टुलाला आपटायचा, मग मलमाचा खर्च कोणत्या खात्यात घालायचा यावर रविवारी वाद व्हायचा. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळली जाई, आणि तिसऱ्यांदा उकळायच्या बेताला भाचेसून म्हणाली, "त्यापेक्षा गरम पाणीच प्या आणि डोळे मिटून आठवण काढा."

दर महिन्याला झरोक्यात गुरुवारी पांढरा हात, शनिवारी काळा हात. दर महिन्याला आत्याबाई भाडे देत आणि पावती घेत. दोरा सैल होई, काडेपेटी खाली येई. भाचेसून कौतुकाने म्हणे, "तुमच्या त्या मालकासारखा इमानदार माणूस नाही हो. इतक्या वर्षांची बाकी कोण देतं?"

"सज्जन आहे," आत्याबाई म्हणत, आणि खालचा कुत्रा भुंके.

एकदा तर दोघेही खोलीत येऊन बसले आणि बारक्या भावुक होऊन म्हणाला, "आत्या, तू नसतीस तर आठ महिने जास्त लागले असते." आत्याबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांची झोप मात्र अधूनमधून उडू लागली होती. पैसे मागायला येतील तो दिवस जवळ येत होता. काडेपेटी तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर. घर सुटत होते, तसतसा तो सोफा आत्याबाईंच्या स्वप्नात उघडत होता.

शेवटच्या रविवारी शेवटची रक्कम तयार झाली. सोमवारी बँकेत भरायची, की संपले. बारक्याने दोरा सोडला, काडेपेटी तळमजल्यावर टेकली, आणि त्याने तोंडाने "टिंग" असा आवाज काढला. भाचेसुनेने टाळ्या वाजवल्या. मग दोघांनीही जांभई दिली, दोघांनीही आपण जरा पडतो असे सांगितले, आणि दोघे दोन दिशांना गेले.

आत्याबाई खोलीत येऊन झरोक्यासमोर बसल्या. त्यांना माहीत होते.

बोळाच्या दोन टोकांकडून अनवाणी पावले आली. बोळात दिवा नव्हता, नियमच होता तसा. आणि एकाच वेळी झरोक्यातून दोन हात आत आले, एक पांढरा, एक काळा, आणि मध्ये अडकले.

"आत्या, माझा मोजा..."

"आत्या, माझी डबी..."

हात आतच. मागे घ्यायला गेले तर दोन्ही एकदम निघेनात.

"एका वेळी एकच हात," आत्याबाई सवयीने म्हणाल्या. "रांगेत या."

"तू?" बारक्याचा आवाज.

"तुम्ही?" भाचेसुनेचा.

"कसली डबी?"

"कसला मोजा?"

दोन मिनिटांत दोघे खोलीत होते आणि आत्याबाईंकडे कोणाचे लक्षच नव्हते.

"खुर्ची? बटणाची खुर्ची? मी कापलेल्या टूथपेस्टच्या नळीतून बोटाने पेस्ट काढत होते आणि तुम्ही खुर्ची जमवत होता?"

"आणि समुद्र? एकटीच?"

"एकटीच. तुम्हाला नेलं असतं तर हॉटेलातले दिवे मालवत हिंडला असता."

"शपथ कोणी घेतली होती?"

"तुम्ही! मी फक्त मान हलवली."

"बरं, ते राहू दे. आत्या, आधी पैसे आण. समोरासमोर मोजू."

आत्याबाई उठल्या, कपाट उघडले, आणि रिकामा मोजा व रिकामी डबी पलंगावर ठेवली.

"भाड्यात गेले," त्या म्हणाल्या.

हे कळायला बारक्याला थोडा वेळ लागला. भाचेसुनेला लागला नाही. "म्हणजे आमचेच पैसे आम्हालाच भाडं म्हणून दिलेत?"

"तुम्हाला कुठे? बँकेला."

"आणि तो थिएटरचा मालक?"

"मुलाकडे असतो. खुशाल आहे."

"आत्या, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू दिले असतेस? आणि विचारायचं तर दोघांना विचारावं लागलं असतं. मग कोण कोणापासून काय लपवतंय, ते मीच फोडायचं? मी राखते म्हणाले होते, राखले. वीट होऊन बसलेत भिंतीत."

बोलताना आत्याबाईंचा आवाज बरा होता, पण हात पदराशी चाळा करत होते. दोघे गप्प उभे. ही शांतता आत्याबाईंच्या ओळखीची होती. अशा शांततेनंतर बारक्या कानावरची पेन्सिल काढतो आणि कोणाकडेही न बघता बहिणीचे नाव घेतो. सोफ्याच्या स्प्रिंगा त्यांना ऐकू येऊ लागल्या.

बारक्याने खरेच पेन्सिल काढली. "माझे महिना चार," तो म्हणाला. "हिचे तीन. झाले सात. भाडं आठ होतं."

त्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"आत्या, आठवा हजार कोणाचा?"

आत्याबाईंनी ओठ घट्ट मिटले. भाचेसून त्यांच्याकडे बघत होती. म्हणजे त्यांच्या तोंडाकडे, धंद्याच्या नजरेने. दोन वर्षांपूर्वीची बैठक तिला आठवली असावी. ती पलंगावर बसली आणि एकदम हसत सुटली. हसता हसता डोळे पुसू लागली, आणि मग नुसतेच पुसू लागली.

"अहो, दोन वर्षं शीळ घालून घालून यांनी भाडं भरलं."

बारक्या खाली बसला. पलंग कुरकुरला. "मीच म्हणालो होतो, चालतेय," तो म्हणाला. जरा वेळाने त्याने नाक ओढले आणि हिशेब पुढे चालवला, कारण त्याला दुसरे काही सुचत नव्हते. "पुढच्या महिन्यापासून हप्ता नाही. म्हणजे तो सगळा मोकळा. काटकसरीचे महिना साडेआठ हजार आहेतच. चार-सहा महिन्यांत सगळ्यांचे सगळे परत. भाडंही बंद. खोली आत्याची. खुर्ची आधी घेऊ."

"समुद्र आधी."

"हात माझा आधी आत आला होता."

"मुळीच नाही. आत्या, कोणाचा आला?"

"दोघांचे एकदम आले," आत्याबाई म्हणाल्या. "पण रांगेत तुमच्यापुढे मी होते."

"बरोबर," भाचेसून उठली. "पहिला नंबर कवळीचा. उद्याच साचा घेते. तोंड 'आ' करून बसायचं आणि बोलायचं नाही. तेवढाच घराला आराम."

सोमवारी तिघेही बँकेत गेले. कर्ज फिटल्याचे पत्र देणाऱ्या टेबलापाशी भांग पाडलेला एक सडपातळ कारकून होता. त्याने आत्याबाईंना ओळखले. पत्रावर शिक्का मारता मारता, आधी माफी मागून, त्याने हळूच विचारले, "तुमच्याकडची ती खोली... अजून?"

"हाऊसफुल्ल," आत्याबाई म्हणाल्या. ही त्या जुन्या कवळीची शेवटची शीळ. दारावरच्या रखवालदाराने वळून बघितले.

आता हिशेब. दोन वर्षांचे भाडे एक लाख ब्याण्णव हजार. त्यांत बारक्याचे शहाण्णव हजार, ते त्याला बटणाच्या खुर्चीच्या रूपाने परत मिळाले; खुर्ची पाय वर करून एकदा अडकली, पण ती त्याने बसवलेली नव्हती. भाचेसुनेचे बहात्तर हजार, ते तिला समुद्राच्या रूपाने मिळाले, आणि चहा रोज सकाळी ताजा. आत्याबाईंचे चोवीस हजार. ते त्यांनी परत घेतले नाहीत. कवळी मिळाली, खोली मिळाली, आणखी काय मागायचे? बँकेचे पाऊण लाखाच्या आसपास व्याज बुडाले, पण बँक काही त्याने बारीक झाली नाही. राहता राहिला कारकून. त्याला गावाच्या टोकाला एक खोली मिळाली होती, महिना अकरा हजार. म्हणजे दोन वर्षांत सगळ्यांत जास्त भरले ते त्याने, दोन लाख चौसष्ट हजार, आणि खोलीला खिडकी नव्हती.